समोर नसताना

"मॅडम, ह्या डब्यात कोळ्यानं संसार थाटलाय," अस्लम मुजावर म्हणाला आणि कॉम्प्युटरच्या उघड्या कॅबिनेटमध्ये त्याने ब्रश फिरवला. धुळीचा लोट खिडकीतल्या उन्हात उठला. मी धावत जाऊन रेवाला सतरंजीवरून उचललं, तिचं नाक पुसलं, डोळे बघितले.

"झालं! लगेच उचललं," स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला. "अगं, धुळीनं काही होत नाही पोरांना. हेरंब तर माती खायचा."

"म्हणूनच बँकेत लागला का हो मावशी?" अस्लमने विचारलं. सासूबाईंना मी आईच म्हणायचे. त्या आतून खळखळून हसल्या.

सांगलीत विश्रामबागला आमचा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट होता. नवरा, हेरंब, बदलीवर लातूरला. पंधरा दिवसांनी एकदा यायचा. मी मिरजेच्या एका छोट्या कंपनीत टेस्टर होते. दूध संस्थांसाठी संकलनाचं सॉफ्टवेअर आम्ही करायचो. शेतकरी कॅन घेऊन आला की वजनकाट्याचा आकडा आणि फॅट मोजणाऱ्या मशीनचा आकडा आमच्या प्रोग्राममध्ये यायचा आणि पावती छापली जायची. बाळंतपणानंतर साहेबांनी मला घरून काम करायची परवानगी दिली होती. अट एवढीच, की ऑफिसातल्या मशीनवर असतं ते सगळं घरच्या मशीनवर हवं. ते बसवायला सीनियर प्रोग्रामर अस्लम मुजावर त्या रविवारी दुपारी आमच्या घरी आला होता.

रेवा तेव्हा अकरा महिन्यांची होती. रंगाने हेरंबवर गेलेली, हनुवटीला बारीक खळी. शेजारपाजारच्या बायका म्हणायच्या, किती शहाणं बाळ गं, मिक्सर लावला तरी उठत नाही. दहा वेळा ऐकलं तेव्हा बरं वाटलं. अकराव्या वेळी नाही वाटलं.

तिला नीट ऐकू येतं ना? सहाव्या महिन्यापासून हाच एक प्रश्न माझ्या डोक्यात ठाण मांडून होता. ती बाबा, मामा असलं काही म्हणत नव्हती. एकच लांबलचक 'अंऽऽ' काढायची. डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी तिच्यासमोर टाळी वाजवली, तिने मान वर करून पाहिलं, त्यांनी माझ्याकडे बघून हसून सांगितलं, "आईची तपासणी करायला हवी, बाळ उत्तम आहे." मी घरी आले, दोन रात्री शांत झोपले, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

"एखादा कागद द्या," अस्लम म्हणाला. "हा सॉफ्टवेअरचा नंबर लिहून ठेवतो. परत कधी बसवायची वेळ आली तर शोधत बसायला नको."

मी टेबलावरची वही पुढे केली. त्याने कोरं पान शोधायला ती मधूनच उघडली आणि थांबला. माझ्या लक्षात यायला क्षणभर उशीर झाला. ते पान रेवाचं होतं. मी रकाने आखले होते, जसे ऑफिसात आखायचे. तारीख. आवाज. काय झालं. निकाल. टाळी: बघितलं, पास. खुळखुळा: बघितलं, पास. वाटी-चमचा: बघितलं, हसली, पास. पाच पानं भरली होती आणि एकही 'नापास' नव्हतं.

"अहो, ते नका वाचू," मी म्हटलं.

"टेस्ट केसेस चांगल्या लिहिल्यात." तो थट्टा करत नव्हता. ऑफिसात माझं काम तपासताना जसा वाचायचा तसाच बोट फिरवत वाचत होता. "ह्या वेळी बाळ कुठं होतं?"

"कुठं म्हणजे? माझ्या मांडीवर. किंवा समोर."

"प्रत्येक वेळी?"

"मग काय रस्त्यावर ठेवू तिला?"

"तसं नाही," तो म्हणाला. पान उलटून त्याने नंबर लिहिला आणि वही परत टेबलावर ठेवली.

आई पदराला हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "मुजावर, आता तुम्हीच सांगा हिला. शिकलेली मुलगी, पण नसतं खूळ घेऊन बसलीय. आमच्या कमळावन्संचा दत्ता तीन वर्षांचा होईस्तो बोलला नाही, आज भाषणं ठोकतो. आणि ऐकू येत नाही म्हणे! हे बघा." त्यांनी सतरंजीच्या कडेला टाच आपटली. धप्प. रेवाने गर्रकन मान वळवली आणि आजीकडे बघून दोन्ही हात वर केले.

"बघितलंत?" आई म्हणाल्या. "आता चहात साखर किती ते सांगा."

"एकच चमचा, मावशी."

आई आत गेल्या. अस्लमच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर तसाच होता. तो रेवाकडे बघत होता, मग फरशीकडे, आणि मग पुन्हा कॅबिनेटमध्ये वाकला.

मेमरीची नवी पट्टी बसली, मशीन सुरू झालं. त्याने आणलेल्या सीडीवरून एकेक गोष्ट चढायला लागली. हिरवी पट्टी हळूहळू भरत होती. तेवढ्या वेळात मी रेवाला मऊ भात भरवला. घास घेताना ती माझ्या तोंडाकडे टक लावून बघायची. मी 'आ' केला की ती 'आ' करायची. लोक म्हणायचे, आईवेडी आहे. मलाही त्याचा अभिमान होता. ती डोळ्यांआड होऊ नये म्हणून मी भाजी चिरायची तीही सतरंजीवर बसून, कपड्यांच्या घड्या घालायची तीही तिच्यासमोर.

"हां, या," अस्लमने खुर्ची सरकवून मला जागा दिली. "हा डीबगर. हा चालत्या प्रोग्रामचा हात धरतो. आपण ज्या ओळीवर खूण करू तिथं त्याला थांबवतो, मग खिशात काय काय आहे ते बघायचं."

"तेवढं माहितीय मला."

"माहितीय, पण आता स्वतः लावायचंय. साहेब रोज मला तुमच्या घरी पाठवणार नाहीत."

आमचा प्रोग्राम तेव्हा एक त्रास देत होता. सकाळी गर्दीच्या वेळी कधीतरी काट्याचा आणि फॅटच्या मशीनचा आकडा एकाच क्षणी आला की तो गोठायचा. स्क्रीन तशीच, पावती नाही, कॅन घेऊन आलेली माणसं ताटकळत उभी. दोन्ही मशीनचे आकडे भराभर पाठवणारी एक खोटी फाईल अस्लमने बनवली होती. ती त्याने सोडली. डीबगर लावलेला. दोनशे पावत्या झाल्या, चारशे झाल्या. प्रोग्राम मुकाट्याने चालत होता.

"अडकत नाहीये," मी म्हटलं.

"नाहीच अडकणार." तो मान हलवून हसला. "गेले पंधरा दिवस हाच खेळ चाललाय. डीबगर लावला की शहाण्यासारखा वागतो. आपण पावलोपावली हात धरतो, त्यामुळं त्याची चाल मंदावते, मग दोन्ही आकडे एकमेकांवर आदळतच नाहीत. आपण आहोत म्हणून दोष दिसत नाही. आपण उठलो की पुन्हा सुरू."

"मग?"

"मग हा प्रोफाइलर. हा हात धरत नाही. लांबून सेकंदाला हजारदा डोकावतो आणि टिपून ठेवतो, हा वेळ कुठं घालवतो ते. प्रोग्रामला पत्ताच लागत नाही."

आईंनी चहा आणून ठेवला आणि त्या कुकर लावायला आत गेल्या. मी मधूनमधून मागे वळून बघत होते. रेवा आमच्याकडे पाठ करून बसली होती आणि हेरंबच्या जुन्या रुमालाचा एकेक धागा ओढून काढत होती. त्या कामात ती बुडून गेली होती.

"एक सोय करून देतो," अस्लम म्हणाला. "तुम्ही बाळापाशी असणार, सारखं स्क्रीनकडं बघत बसणं तुम्हाला जमायचं नाही. प्रोग्राम खुणेपाशी थांबला की आवाज येईल असं करतो. स्पीकर आहेत ना?"

स्पीकर हेरंबचे होते, चांगले मोठे, मॅच बघायला घेतलेले. मागच्या रविवारी त्याने आवाज कुठवर नेऊन ठेवला होता ते ना मला माहीत होतं ना अस्लमला. त्याने एक आवाज निवडला, तीन नंबरच्या ओळीवर खूण केली आणि प्रोग्राम सोडला.

गिरणीच्या भोंग्यासारखा आवाज फुटला.

माझ्या हातातला चहा माझ्याच मांडीवर सांडला. अस्लम खुर्चीतून अर्धा उठला. आत काहीतरी स्टीलचं खणखणत पडलं आणि आई "अगं बाई गं!" म्हणून ओरडल्या. गॅलरीच्या कठड्यावरची दोन्ही कबुतरं फडफडत उडाली. भाजलेल्या मांडीचं भान नव्हतं, मी सतरंजीकडे झेपावले, रेवासमोर गुडघे टेकले. माझा चेहरा बघून तिचे डोळे विस्फारले, ओठ वाकडा झाला आणि ती भोकाड पसरून रडायला लागली.

"घाबरली गं माझी बाई, घाबरली," मी तिला छातीशी धरलं. आणि त्या रडण्याने मला केवढा धीर आला! मी अस्लमकडे बघून म्हटलं, "बघा, केवढी घाबरली."

त्याने भोंगा बंद केला. 

"मॅडम," तो स्क्रीनकडेच बघत म्हणाला, "ती भोंग्याला नाही रडली."

"म्हणजे?"

"मी बघत होतो. आवाज झाला तेव्हा ती धागा ओढत होती. नंतरपण ओढतच होती. तुम्ही समोर गेलात, तेव्हा रडली."

"तुम्ही कॉम्प्युटर बघायला आलाय ना?" माझा आवाज चढला. "तेवढाच बघा."

आई दारात आल्या. "काय झालं?"

"काही नाही मावशी." तो उठून उभा राहिला. एरवी मोठा सावकाश बोलणारा माणूस, पण त्या वेळी भराभर बोलत सुटला. "माझी थोरली बहीण, आपा, तिला जन्मापासनं ऐकू येत नाही. आमच्या घरी तिला हाक मारायची तर जमिनीवर पाय आपटायचा. मगाशी मावशींनी आपटला तसा. तिला पायाखाली कळतं. लगेच वळते ती. आमच्या अम्मीला चार वर्षं कळलं नव्हतं, कारण अम्मी तिला सोडून कुठं जायचीच नाही."

आईंनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं त्या त्याला घराबाहेर काढतील. पण त्या रेवाकडे बघायला लागल्या.

"एकदा बघू," अस्लम म्हणाला. "तुम्ही दोघी आत जावा. पडद्यामागं थांबा. तिला दिसू नका, हलू नका. मी इथंच बसतो, मी तिला नवखाच आहे. मग वाजवतो. तीनदा."

"आणि तिने बघितलं तर?"

"तर मी तुमची माफी मागतो, आणि मावशींच्या हातचा आणखी एक चहा घेऊन जातो."

मी रेवाला शांत केलं, पाठमोरी बसवलं, हातात रुमाल दिला. मग आयुष्यात पहिल्यांदा, ती जागी असताना, मुद्दाम तिच्या नजरेआड गेले.

स्वयंपाकघराच्या दाराला चुणीदार पडदा होता. एका बाजूने मी, एका बाजूने आई. कुकरचा गॅस आईंनी बंद केला होता. मला आठवत होतं ते सगळं मी मनातल्या मनात भराभर उलटं तपासत होते. डॉक्टरांची टाळी: समोर. खुळखुळा: समोर. बारशाला तिच्या आत्याने कानाशी तोंड नेऊन कुर्र करून नाव सांगितलं, तेव्हा तिने डोळे मिचकावले होते आणि सगळ्या बायका हसल्या होत्या. नाव ऐकलं बघा! कानावर श्वास लागला तर कुठलं बाळ डोळे मिचकावणार नाही?

पहिल्यांदा भोंगा वाजला. पडद्याची कड माझ्या मुठीत होती. रेवाने एक धागा ओढून उन्हात धरून पाहिला.

दुसऱ्यांदा वाजला तेव्हा खालच्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्यातून "काय चाललंय वर?" म्हणून विचारलं. रेवाने धागा तोंडात घातला.

तिसऱ्यांदा अस्लमने तो जास्त वेळ चालू ठेवला. माझे कान दुखायला लागले. तिची पाठ, तिचा झबल्याचा बंद, मानेवरची ती घामेजलेली जावळाची बट, काही म्हणता काही हललं नाही.

मग भोंगा थांबला.

"झोप आली असेल तिला," आई पुटपुटल्या.  त्यांनी माझा दंड धरला. त्यांची बोटं थंडगार होती. "वृंदा, अगं, मी रोज तेल लावताना तिच्याशी बोलते. माझ्या आईचं सांगते, माझ्या माहेरचं सांगते. हेरंबला सांगितलं नाही ते तिला सांगितलंय मी." त्यांनी पडद्याआडून रेवाकडे पाहिलं. "मग ती हसायची ते कशाला गं?"

"तुमच्या तोंडाकडे बघून, आई."

त्या तिथेच ओट्याला टेकून खाली बसल्या.

मी बाहेर आले. अनवाणी, हळूच. रेवाला माझी सावली फरशीवर दिसली असावी. तिने वळून पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. दोन्ही हात पसरून तिने तो एकच लांबलचक आवाज काढला, जो तिने स्वतः कधी ऐकला नव्हता.

पुढे पुण्याला तिची तपासणी झाली, झोपेचं औषध देऊन, डोक्याला वायरी लावून. कागदावर रेषा जवळजवळ सपाट आल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सहाव्या महिन्यात आला असता तर बरं झालं असतं. मी म्हटलं, सहाव्या महिन्यात मला शंका आली होती. "मग?" त्यांनी विचारलं. माझ्या पर्समध्ये ती वही होती. मी ती काढली नाही. रेवा आता आठ वर्षांची आहे, कानामागे मशीन लावते, हातांनी आणि ओठांनी माझ्याशी कडाकडा भांडते. मी मात्र अजूनही कधी कधी तिच्या मागे जाऊन उगाचच उभी राहते.

त्या दुपारी अस्लमने काम अर्धवट सोडलं नाही.  त्याने प्रोफाइलर लावला, फाईल सोडली, आणि आम्ही कोणी स्क्रीनकडे बघत नसताना प्रोग्राम अडकला. नव्वद टक्के वेळ तो एकाच जागी नुसता वाट बघत उभा होता. अस्लमने ती ओळ कागदावर उतरवून ठेवली. माझ्याकडे त्याने ती दिली नाही, कीबोर्डखाली सरकवून ठेवली.

तो कॅबिनेटचे स्क्रू पिळत होता तेव्हा माझा मोबाईल वाजला. हेरंब होता.

"काय, झालं का सेटिंग?"

"झालं."

"चालतंय ना सगळं?"

"हो."

"तुझा आवाज का असा?"

"धूळ उडाली खूप."

"बरं, इकडे मी चार बादल्या कपडे धुतलेत आणि कंटाळून बसलोय. कुठंय आमची राणी? दे तिला."

मी अस्लमकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली. आई स्वयंपाकघराच्या दारात आल्या होत्या आणि माझ्या तोंडाकडे बघत होत्या. लातूरची ती भाड्याची खोली माझ्या डोळ्यांपुढे आली. दोरीवर वाळत घातलेले शर्ट, एक खाट, आणि त्या खाटेवर बसलेला तो.

मी रेवाला कडेवर घेतलं आणि फोन तिच्या कानाशी धरला. पलीकडून आवाज बारीक होऊन माझ्यापर्यंत येत होता. "रेवूऽऽ! ए रेवू! बाबा बोलतोय. काय जेवली माझी बाई? भात? मला नाही ठेवलास?"

रेवा माझ्याकडे बघत होती. माझ्या चेहऱ्यावर काय होतं ते तिला दिसलं, तिचा खालचा ओठ थरथरायला लागला.

मी हसले. डोळे मोठे करून, दात दाखवून हसले. तिचा ओठ सावरला. तिने एकदा माझे दात बघितले, मग डोळे, आणि ती खळखळून हसली.

"ऐकलं!" हेरंब ओरडला. "वृंदा, ऐकलंस? माझा आवाज ओळखला तिने! आई कुठंय, आईला सांग!"

"बोला तुम्ही," मी म्हटलं. "अजून बोला."

आणि मी तशीच हसत, फोन तिच्या कानाशी धरून उभी राहिले.